खंदकाने वेढलेली इंग्लंडमधली घरे

इंग्लंडमध्ये खंदकाने वेढलेल्या मध्ययुगीन घरांच्या सुमारे 6,000 जागा ज्ञात असून त्यांतल्या बहुतेक 1250 ते 1350 या काळातल्या आहेत. सफोक आणि एसेक्समधल्या चिकणमातीच्या पट्ट्यात, जिथे खणलेल्या चरात पाणी सहज टिकते, त्यांची दाटी विशेष आहे. खंदक म्हटला की आपल्याला वेढा आणि तोफा आठवतात. पण हे खंदक फार तर चोरांना आणि भटक्या जनावरांना अडवत असतील, आणि माझ्या मते मालकाची प्रतिष्ठा गावाला दिसावी हाच त्यांचा मुख्य हेतू होता.

केंटमधल्या आयटम मोटसारखे वाडे आजही पाण्याच्या वेढ्यात उभे आहेत. मला मात्र घर नाहीसे झालेल्या जागा अधिक मोलाच्या वाटतात. कुरणात एक चौकोनी, गवताने भरलेला चर, मधोमध सपाट बेट आणि त्यावर जाणारा मातीचा अरुंद बांध एवढेच तिथे उरलेले असते. ऊन तिरपे असताना पुसट झालेल्या कडाही सावल्यांमुळे उठून दिसतात. तळाच्या ओल्या गाळात हवा पोहोचत नसल्यामुळे लाकूड, चामडे, बिया आणि परागकण शतकानुशतके टिकतात. म्हणूनच अशा अनेक जागांना कायद्याचे संरक्षण असले, तरी आजूबाजूच्या शेतांतल्या पाण्याचा निचरा करताना खंदकाचा गाळ कोरडा पडणार नाही, हेही पाहावे लागते.