ब्रेकची खरखर: आतला पॅड पाहिल्याशिवाय निदान करू नका

माझ्या गाडीच्या ब्रेकमधला बिघाड मला आधी पायाला जाणवला. वेग उतरत आला, गाडी थांबायच्या बेतात आली की पेडलखाली बारीक खरखर यायची. पुढे ती ऐकूही येऊ लागली. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा जाड, दाणेदार आवाज. गाडी थांबत होती, तरी अशा आवाजात ती रोज वापरणं मला पटेना. म्हणून ती बाजूला लावली आणि नक्की काय घासतंय हे शोधायला घेतलं.

एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती. या खरखरीच्या आधी ब्रेक कधीच चिरकला नव्हता. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी आणि ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी आवळतात ते ब्रेक पॅड. बहुतेक पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी असते. पॅडचा मसाला, म्हणजे घर्षणाचा थर, साधारण 2 ते 3 मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि बारीक, उंच सुरात चिरकायला लागते. पॅड संपत आल्याची ती सूचना असते. खरखर हा त्याच्या पुढचा टप्पा. मसाला संपून मागची लोखंडी प्लेटच डिस्कवर घासत असते. सूचना न मिळता थेट खरखर का आली, हे कोडं होतं. त्याचं उत्तर चाक काढल्यावर मिळालं.

चाक काढण्याआधी एका रिकाम्या, सपाट जागेत अगदी सावकाश गाडी चालवून काही गोष्टी तपासल्या. कारण चाकाजवळचा प्रत्येक आवाज ब्रेकचा नसतो. बेअरिंग गेलं असेल तर वेगाबरोबर वाढणारी घुमघुम येते, स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की ती कमी-जास्त होते आणि ब्रेक दाबण्या-सोडण्याशी तिचा संबंध नसतो. डिस्कच्या मागचा पातळ पत्रा वाकला किंवा त्याच्या आत खडा अडकला, तर ब्रेक न दाबताही चाकाच्या फेऱ्याबरोबर खरर्-खरर् असा तालात आवाज येतो. पावसात किंवा गाडी धुतल्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये घासून जातो. त्याची काळजी नको. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरजवळ गंज साठला तर थांबता थांबता एबीएस विनाकारण चालू होतं आणि पेडलखाली खरखर जाणवते. ही शक्यता मी बराच वेळ धरून होतो, कारण माझाही आवाज कमी वेगातच सुरू झाला होता. पण एबीएसमध्ये पेडल पायाखाली थरथरत मागे ढकललं जातं. माझं पेडल घट्ट होतं आणि पाय जितका जोरात, तितका आवाज मोठा. म्हणजे घर्षण पॅडवरच होतं.

कोणत्या चाकात? यासाठी उष्णतेचा उपयोग झाला. ब्रेक शक्य तितका कमी वापरून थोडं अंतर चालवलं, मग इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांतल्या डिस्कचं तापमान पाहिलं. पुढची डावी डिस्क उजवीपेक्षा स्पष्टपणे गरम होती. त्याच चाकाच्या रिमवर काळी पूडही जास्त होती. हा फरक फार महत्त्वाचा आहे. पॅड नुसते वयाने संपले असते तर दोन्ही बाजू साधारण सारख्या निघाल्या असत्या. ब्रेक न दाबताच एक चाक तापतंय, याचा अर्थ तिथला पॅड डिस्कला सोडत नाही.

गाडी सपाट जमिनीवर, मागच्या चाकांना अडणी लावून, जॅकने उचलली आणि खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक काढू नये, हे मी ज्याला त्याला सांगतो. चाकाच्या जाळीतून आधीच पाहिलेला बाहेरचा पॅड आता नीट दिसला. मसाला चांगला शिल्लक होता. बाहेरून टॉर्च मारून "पॅड ठीक आहेत" असं सांगणारे इथेच थांबतात. पॅड धरून डिस्कवर दाबणारा कॅलिपर उघडला आणि आतला पॅड हातात आला तेव्हा त्यावर मसाला म्हणावं असं काहीच नव्हतं. उघडी प्लेट, तीही घासून चकचकीत झालेली. डिस्कच्या आतल्या बाजूला नखाला लागतील अशा खोल वर्तुळाकार चरा पडल्या होत्या, बाहेरची बाजू जवळजवळ गुळगुळीत.

चिरकणाऱ्या पट्टीचं कोडंही तिथेच सुटलं. या जोडीत पट्टी एकाच पॅडवर होती. दोन्ही पॅड आकाराने सारखे असल्यामुळे आधी कोणीतरी पट्टीवाला पॅड बाहेरच्या बाजूला बसवला होता. बाहेरचा पॅड जाडच राहिला, पट्टी डिस्कपर्यंत पोचलीच नाही आणि आतला पॅड निमूटपणे संपला. ज्या गाडीत पट्टी एकाच पॅडवर असते तिथे तो पॅड कोणत्या बाजूला जातो, हे पॅडच्या खोक्यातल्या चित्रात दाखवलेलं असतं. बसवताना ते पाहायला क्षणभर लागतो.

आता मुख्य प्रश्न: आतलाच पॅड का झिजला? इथे उत्तर न शोधता नवे पॅड टाकले असते, तर तेही तसेच संपले असते. माझ्या गाडीत सरकता कॅलिपर आहे, बहुतेक साध्या गाड्यांमध्ये तोच असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपर उलट सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या किंवा गंजल्या, तरी पॅड असमान झिजतात, कधी तिरपेही. म्हणून आधी पिना पाहिल्या. दोन्ही हाताने सहज सरकत होत्या. रबरी टोप्या शाबूत, ग्रीस ओलं. पिना निर्दोष.

राहिले पिस्टन आणि रबरी होज, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेकचं तेल नेणारी नळी. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते, हे मला या निमित्ताने नीट समजलं. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. दाबामुळे पिस्टन पुढे जाताना ती थोडी पिळवटते आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्यानेच पॅड मोकळा होतो. पिस्टन गंजला तर सीलची ही ताकद पुरत नाही. दुसरीकडे, होज आतून सुजली तरी लक्षण तेच. तेल जाताना जोराने जातं, परत येताना अडतं.

दोन्हींतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. ब्रेक दाबून सोडायचा, चाक हाताने फिरवून पाहायचं, अडकत असेल तर कॅलिपरवरचं ब्लीडर निपल (तेल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड) किंचित उघडायचं. तेल उसळून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, म्हणजे होज किंवा त्याच्या वरचा भाग पाहायचा. निपल उघडूनही चाक तसंच जड राहिलं तर अडचण कॅलिपरमध्येच. माझं चाक जडच राहिलं. पिस्टनवरचं धूळ-रबर एका बाजूला फाटलेलं होतं, ते उचलल्यावर खाली गंजाचे खड्डे दिसले. पुढचं काम गॅरेजमध्ये करून घेतलं. खड्डे पडलेल्या पिस्टनवर नवी सील टिकत नाही, म्हणून मेकॅनिकने पिस्टन आणि सील किट दोन्ही बदलली. सुजलेली नसली तरी होजही जुनी होती, तीही सोबत बदलून घेतली.

डिस्क ठेवायची की बदलायची, यावर ज्याला विचारावं त्याचं मत वेगळं. लेथवर फेस मारून (पृष्ठभाग थोडा उतरवून सपाट करून) घ्या, चरा जातील, असं बरेच जण म्हणाले. मत बाजूला ठेवून माप घेणं हाच यावरचा उपाय. प्रत्येक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी चालणारी जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कची नवी जाडी 22 मिलिमीटर, किमान 20. कडेला न झिजलेली उंच किनार राहते. साधा व्हर्निअर त्या किनारीवर बसतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतो. म्हणून मायक्रोमीटर घ्यायचा आणि किनारीच्या आत, गोल फिरत अनेक ठिकाणी मोजायचं. डावी डिस्क सगळ्यात पातळ जागी 20.3 भरली. म्हणजे कागदावर ती पास होती. पण आतल्या चरा काढायच्या तर त्यापेक्षा जास्त धातू उतरवावा लागणार आणि ती 20 च्या खाली जाणार. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला धातूच कमी राहतो, ती लवकर तापते. गाडीचा वेग दुप्पट झाला की थांबताना ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ती सगळी उष्णता होऊन आधी डिस्कमध्येच शिरते. त्यामुळे या मापात तडजोड करायची माझी तयारी नव्हती. उजवी डिस्क अजून चालली असती, तरी एका धुरीवरच्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड एकत्रच बदलले. दोन बाजूंची पकड वेगळी असेल तर गाडी ब्रेकमध्ये एका बाजूला ओढते.

नव्या डिस्क साध्याच घेतल्या, मूळच्यासारख्या हवेच्या फटी असलेल्या. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण रोजच्या गाडीत त्यांचा फायदा जाणवत नाही आणि भोकांच्या कडेपासून तडे जाऊ शकतात. मधल्या टोपीवर गंजरोधक लेप असलेली डिस्क मिळाली, ती मात्र आवर्जून घेतली.

पॅड निवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. ऑरगॅनिक पॅड शांत असतात, डिस्कला मऊ, पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडू लागतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचं प्रमाण मोठं. उष्णता चांगली सोसतात, मात्र आवाज, पूड आणि डिस्कची झीज जास्त. सिरॅमिक शांत, पूड कमी, रोजच्या वापराला छान. सतत घाटात भरलेली गाडी उतरवणाऱ्याने सिरॅमिकच्या नावावर भाळू नये, चांगला सेमी-मेटॅलिक पॅड घ्यावा. माझं चालवणं मुख्यतः गर्दीतलं, म्हणून मी सिरॅमिक घेतले.

पॅडच्या कडेवर छापलेल्या अक्षरांच्या ओळीत शेवटी दोन अक्षरं असतात, उदाहरणार्थ एफएफ किंवा जीएफ. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापलेल्या स्थितीतलं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. मूळ पॅडवर एफएफ होतं, मी तेच शोधलं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड उतरते, हे लक्षात ठेवून निवडावं. टिकाऊपणा किंवा आवाजाबद्दल ही अक्षरं काहीच सांगत नाहीत. युरोपात आर90 हा नियम आहे. त्यात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते. तो शिक्का असलेला पॅड मिळाला तर मी तोच उचलेन.

बसवताना मी तीन गोष्टींवर अडून राहिलो. हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करणं, कारण तिथे राहिलेला गंजाचा कण डिस्कला तिरकी बसवतो आणि पुढे पेडल थरथरतं. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसणं. आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने), समोरासमोर आवळणं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. सिस्टीम उघडली होती, त्यामुळे जुनं ब्रेक ऑइल काढून डॉट 4 या दर्जाचं नवं तेल भरलं आणि हवा काढली. हे तेल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावरची मर्यादा 155 वर येते.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं. पहिले दाब जमिनीपर्यंत जातात, तेव्हा गाडी गिअरमध्ये असता कामा नये. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरवरून 10-15 पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, मध्ये थंड होऊ देत बऱ्याचदा ब्रेक लावले. यात पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं तर त्या एका जागी थर जाड होतो, आणि पुढे लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात.

पुढे टायरच्या जागा आपसात बदलायच्या वेळी चाकं निघालीच होती, तेव्हा आतला आणि बाहेरचा पॅड दोन्ही मोजले. डावीकडे दोघांची झीज सारखी आहे, उजवीकडेही.