फुकटचं डिजिटल साहित्य, पण कामाचं

गूगलवर नुसतं 'फ्री वर्कशीट' टाकलं की ढीगभर साइट उघडतात, निम्म्या साइनअप मागतात आणि उरलेल्यांत डाउनलोडचं खरं बटण कुठलं तेच कळत नाही, म्हणून मी आता तसं शोधतच नाही, सरळ ठरलेल्या जागी जाते. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर ही साइट. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं, वाचनाच्या लेव्हलप्रमाणे पुस्तकं लावलेली, मराठीतही भरपूर, आणि लायसन्स मोकळं असल्यामुळे प्रिंट काढा, भाषांतर करा, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव ठेवा. गणिताला फेट (PhET), म्हणजे स्क्रीनवर हलवून बघायच्या प्रयोगांची (सिम्युलेशनची) साइट! त्यातलं अपूर्णांकाचं सिम्युलेशन लावलं की छेद वाढवताना वर्तुळाचे तुकडे बारीक होताना मुलांना डोळ्यांनी दिसतं, मग एक छेद आठ हे एक छेद चारपेक्षा लहान का, यावर मुलंच आपसात भांडतात (आपण गप्प बसायचं, मजा बघायची). नेटचा भरवसा नसेल तर आधीच डाउनलोड करून ठेवता येतं. चित्रं विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रसंग्रहावरून घ्या, पण प्रत्येक चित्राखालचं लायसन्स वाचा. व्हिडिओ मात्र वर्गात लावायच्या आधी पूर्ण बघा, पूर्ण म्हणजे शेवटपर्यंत.