मिलियन म्हणजे हजार

ट्रकचं भाडं साडेआठ लाख दिनार. ट्युनिशियासोबतच्या आमच्या माहितीपटाच्या बजेटच्या एक्सेलमध्ये हा आकडा दिसला आणि मी लॅपटॉप मिटून चहा टाकायला उठले. ट्युनिशियाचा एक दिनार तेव्हा सत्तावीसेक रुपयांना होता. खाणीतून फॉस्फेट वाहणाऱ्या ट्रकमध्ये तीन दिवस कॅमेरा ठेवायचे सव्वादोन कोटी?

रात्री ट्युनिसला फोन लावला. तिथली निर्माती आधी गप्प झाली, मग खो खो हसली. दिनारचे शंभर नाही, हजार मिलिम होतात, म्हणून टिंबानंतर तीन आकडे. ८५०.००० म्हणजे साडेआठशे दिनार, आपले तेवीस हजार. हुश्श म्हणते तोवर ती पुढे म्हणाली, "संकलनाला वीस मिलियन धर." तिथली माणसं बोलताना अजून मिलिममध्येच मोजतात. त्यांचा मिलियन म्हणजे हजार दिनार. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

मी पुण्यात मराठी सिनेमांची लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि जुळवाजुळव बघणारी, आणि थोडीफार हिशेबनीस. २०१९च्या नोव्हेंबरात गोव्याच्या फिल्म बझारमध्ये, सिनेमासाठी भागीदार शोधायच्या मेळ्यात, एका ट्युनिशियन दिग्दर्शिकेची गाठ पडली. ट्युनिशियातल्या गफ्साच्या खाणीतून निघणारं फॉस्फेट भारतात खतासाठी येतं, तर खाणीपासून शेतापर्यंत त्याच्यामागे जायचं, एवढी तिची गोष्ट. शेवटचा अर्धा तास सांगली जिल्ह्यातल्या उसात. मी लगेच हो म्हटलं. मग कोविड आला आणि दोन वर्षं फक्त कागद हलले.

आपल्याकडे सिनेमाचा पैसा म्हणजे एखादा बिल्डर, एखादा साखरसम्राटाचा मुलगा आणि टीव्हीला सॅटेलाइट हक्क विकले जायची आशा. तिथे तसा माणूस जवळपास नाहीच. ट्युनिशियात सरकारी अनुदान समिती आहे, तिथून सुरुवात. पुढे बैरूतचा २००७ सालचा अरब कला-संस्कृती निधी, वर्षातून दोनदा अर्ज घेणारी दोहा फिल्म इन्स्टिट्यूट, आणि युरोपातले फंड. फ्रान्सच्या 'सिनेमा द्यु मोंद'ला फ्रेंच सहनिर्माता लागतो, बर्लिनच्या वर्ल्ड सिनेमा फंडाला जर्मन. आणि प्रत्येक अर्जात एक रकाना हमखास: आतापर्यंत आणखी कुणी किती दिले?

गणपतीची वर्गणी मागायला गेल्यावर दुकानदार पावतीपुस्तक मागे उलटून शेजाऱ्याचा आकडा बघतो ना, तेच. पहिलं नाव कुणालाच नको असतं. आमच्या पुस्तकात पहिली पावती माझी होती: सांगलीच्या बारा दिवसांचं युनिट, कॅमेरा, गाड्या, जेवण. याला 'इन-काइंड' म्हणतात. रोकड नाही म्हणून हा वाटा कमी दर्जाचा, असं एका फंडाने स्पष्ट सुनावलं. पण तेवढ्या पावतीवर ट्युनिसचं अनुदान हललं, अनुदानाच्या पत्रावर पॅरिसची एक छोटी कंपनी तयार झाली, आणि तिच्या सहीवर आणखी दोन दारं उघडली. पाच नकारांनंतर. नकाराची पत्रं फार गोड असतात, ती जपून ठेवलीयत.

पैसा मिळाला तरी तो हलत नाही, हे नंतर कळलं. दिनार देशाबाहेर नेता येत नाही, आत आणता येत नाही. फ्रेंच पैशाचा काही वाटा फ्रान्समध्येच खर्च करावा लागतो, म्हणून ध्वनिमिश्रण पॅरिसला, जरी ट्युनिसमध्ये ते निम्म्यात झालं असतं. मला इथून युरो पाठवायचे तर तेव्हा आयकराचे दोन फॉर्म लागायचे, सीएचं १५सीबी, मग १५सीए, आणि बँकेत पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चालले ते सांगणारा आकडा. काउंटरवरचा मुलगा शिक्षण किंवा नातेवाइकांचा खर्च, यापलीकडे जाईना. एस-११०१, दृक्श्राव्य सेवा, हे मीच रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधून त्याला दाखवलं. त्याने विचारलं, "मॅडम, ट्युनिशियात मराठी पिक्चर?"

२०२३च्या ऑक्टोबरात कार्थेजच्या महोत्सवाचं तिकीट काढून बसले होते. १९६६ पासूनचा हा अरब-आफ्रिकी सिनेमाचा जुना मेळा, खरेदीदार तिथेच भेटणार होते. गाझामुळे त्या वर्षी तो रद्द झाला. बातम्यांत जे दिसत होतं त्यापुढे आमच्या मीटिंगांबद्दल कुरकुरायची कुणाला इच्छाही झाली नाही.

वितरणाची गोष्ट वेगळीच. पहिला करार हातात आला तेव्हा मी प्रदेशांची यादी बघत होते. 'फ्रान्स आणि फ्रेंचभाषी आफ्रिका' ही एकच ओळ. सेनेगल, माली, आयव्हरी कोस्ट, सगळे पॅरिसच्या शेपटीला बांधलेले, वेगळी किंमत शून्य. दिग्दर्शिकेला त्याचं नवल नव्हतं, म्हणाली, नकाशा जुनाच आहे. ट्युनिशिया तेवढा आम्ही भांडून बाहेर काढला. आखातासाठी दुबईच्या वितरकाला भेटलो. सौदीत पस्तीसेक वर्षांनी २०१८ मध्ये थिएटरं उघडली आणि बघता बघता ती त्या भागातली सर्वांत मोठी बाजारपेठ झाली, हे त्याने उत्साहाने सांगितलं. मग म्हणाला, माहितीपटाला एमजी, म्हणजे आगाऊ ठरलेली किमान रक्कम, मिळणार नाही. इजिप्तची कॉमेडी असती तर बोललो असतो. शेवटी मार्ग निघाला तो छोट्या पडद्यांचा: दुबईचं सिनेमा अकील, कैरोचं झाविया, अशी अरब जगातली आडवाटेची थिएटरं 'नास' नावाच्या जाळ्यात एकमेकांना धरून आहेत. पैसे थोडे, पण माणसं बसून सिनेमा बघतात.

आणि अरबी सिनेमाला अरबी सबटायटल्स! ट्युनिसची बोली दुबईत धड कळत नाही. खाणकामगार दर वाक्याला 'बरशा' म्हणतो, म्हणजे खूप, आणि आखातातला प्रेक्षक कोरा चेहरा करून बसतो. तेव्हा सगळं प्रमाण अरबीत. आमची सांगली तर मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून अरबीत गेली. तपासायला मी एका अरबी जाणणाऱ्या मित्राला बसवलं. एके ठिकाणी तो अडला: "हा शेतकरी मातीचे नमुने आणायला पाहुण्यांकडे का गेला?" मी मूळ ऐकलं. तात्या म्हणत होते, "काल पाव्हण्यांच्यात मातीला गेलतो." अंत्यविधीला! माझ्याच इथल्या सहायकाने, शहरातल्या पोराने, ते शब्दशः उतरवलं होतं, आणि मातीवरच्याच सिनेमात ते कुणाला खटकलंही नव्हतं. डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी अंतिम डिजिटल प्रत, निघायला दोन दिवस होते. तिन्ही भाषांत दुरुस्ती केली. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत पूर्णविराम भलत्या टोकाला उड्या मारत होते, ते तसेच राहिले.

ट्युनिसमध्ये सिनेमा एका मल्टिप्लेक्सला आठवडाभर टिकला. मग सिने-क्लबवाल्यांनी तो गावोगाव नेला. त्यांची परंपरा तिथे जुनी आहे आणि प्रोजेक्टर घेऊन फिरायची त्यांना सवय. गेल्या वर्षी मी खाणीच्या एका गावात त्यांच्यासोबत गेले. शाळेचा हॉल, खिडक्यांना घोंगड्या, शंभरेक माणसं, निम्मी उभी. सांगलीच्या भागात तात्या विळ्याने पोत्याची शिवण उसवतात आणि खत मुठीत घेऊन कॅमेऱ्याला दाखवतात, तिथे हॉल एकदम शांत झाला.

दिवे लागल्यावर मागून एका म्हाताऱ्या कामगाराने विचारलं, ते पोतं तिकडे कितीला मिळतं? मी म्हटलं, पन्नास किलोचं, तेराशे पन्नास रुपये. दिग्दर्शिका रुपयांचा हिशेब करायला लागली, पण आता मला तो येत होता.

"पन्नास हजार," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि शेजारच्याकडे वळून काहीतरी बोलला. त्यातलं 'बरशा' एवढं मला कळलं.