हरीण भिंतीवर लावायचं, पण कसं?

शिकार केलेल्या माझ्या पहिल्या हरणाचं काय करायचं हे मी घरी येऊन सोफ्यावर निवांत ठरवणार होतो. शिकारीचं परमिट, टॅग सगळं रीतसर, मांस फ्रीजरमध्ये गेलेलं, आता काय फक्त भिंत सजवायची बाकी असं डोक्यात होतं. पण टॅक्सिडर्मिस्टने, म्हणजे मेलेलं जनावर शोभेसाठी जिवंत वाटेल असं तयार करणाऱ्याने, कातडं टेबलावर पसरलं, एकदा उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, शोल्डर माउंट, म्हणजे डोक्यापासून खांद्यापर्यंतचं हरीण भिंतीवर, विसरा.

चूक माझीच. पोट साफ करताना मी सुरी छातीवरून सरळ गळ्यापर्यंत नेली होती, आणि भिंतीवर लावल्यावर नेमका तोच भाग समोर येतो, तिथली शिवण लपवणं महाकठीण. शोल्डर माउंट हवा असेल तर गळ्याला हातच लावायचा नाही, काप पुढच्या पायांच्या बराच मागे अंगाभोवती गोल घ्यायचा आणि चामडं हवं त्यापेक्षा जास्तच ठेवायचं, उरलं तर तो कापून टाकतो, कमी पडलं तर आणणार कुठून? शिवाय मी हरीण दगडधोंड्यांवरून फरफटत आणलं होतं. हरणाचे केस आतून पोकळ असतात, ठिसूळ, एका खांद्यावरचे पार घासून गेले होते. आणि कातडं गरमीत तासन्‌तास राहिलं की बॅक्टेरियामुळे केसांची मुळं सैल होतात, मग टॅनिंगच्या, म्हणजे कातडं कमावायच्या वेळी पुंजकेच्या पुंजके हातात येतात, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे डिसिजन भिंतीसमोर नाही, जंगलात सुरी बाहेर काढायच्या आधीच घ्यायचा असतो, आणि हे मला आधी कुणीच बोललं नव्हतं.

तरी त्याच्याकडे तासभर गप्पा मारल्या. आपण म्हणतो ना पेंढा भरलेलं, तर आत पेंढा वगैरे काही नसतो आता. फोमचा तयार साचा असतो, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंतचं अंतर आणि मानेचा घेर मोजून साइज ठरवतात, त्यावर टॅन केलेलं कातडं चढवतात, डोळे काचेचे. खरं काय तर कातडं आणि शिंगं, बस.

पोझमध्येही बरंच काही आहे. मान ताठ ठेवली की सावध झालेलं वाटतं, मान खाली पुढे काढलेली म्हणजे स्नीक, नर मादीच्या मागावर असतो तसं, छत ठेंगणं असेल तर हीच बरी कारण शिंगं वर आपटत नाहीत. आणि वळण! हरणाने खोलीकडे बघायला हवं, कोपऱ्यात तोंड खुपसून शिक्षा झाल्यासारखं नाही, त्यामुळे ऑर्डर द्यायच्या आधी भिंत नक्की पाहिजे. लेफ्ट टर्न म्हणजे हरणाचं लेफ्ट, बघणाऱ्याचं नाही, इथे भलेभले फसतात म्हणे. फुल बॉडीचा फोटो मी बायकोला दाखवला तर ती म्हणाली, मग ते राहील घरात, तू कुठे राहणार?

शेवटी माझ्या वाट्याला युरोपियन माउंट आला, म्हणजे साफ केलेली कवटी शिंगांसकट. स्वस्त म्हणून लोक याला कमी लेखतात, मला तर आता हाच जास्त आवडतो, शिंगांवरून नजर हटत नाही आणि कसर लागायची भीती नाही. नुसती शिंगं फळीवर ठोकायचाही ऑप्शन होता, पण ते मला खुंटीसारखं वाटतं, त्यावर कुणीतरी टोपी अडकवणारच.

कवटी मी घरीच केली. पाणी उकळायचं नाही, नुसतं मंद तापवायचं, थोडा वॉशिंग सोडा, थोडा भांड्यांचा साबण, शिंगांचं बूड प्लॅस्टिकने गुंडाळून पाण्याबाहेर, नाहीतर रंग उतरतो. मग मांस खरवडायचं, पाणी बदलायचं, परत तेच, अख्खा रविवार गेला आणि वासाबद्दल न बोललेलं बरं. (काही जण हे काम किड्यांकडून करवून घेतात, डर्मेस्टिड नावाचे, ते नाजूक हाडांना धक्का न लावता सगळं मांस फस्त करतात.) पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड, कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच अजिबात नाही, त्याने हाड नंतर भुसभुशीत होत जातं.

संध्याकाळी मी कंटाळलो आणि गॅस मोठा केला. नाकाची दोन पातळ हाडं सुटून पातेल्याच्या तळाशी. सुपरग्लूने चिकटवली, पण डावं जरा तिरकंच बसलंय. पॅसेजमध्ये लावलंय, शिंगांची टोकं कुणाच्या डोळ्यात जाणार नाहीत इतकं उंच, त्यामुळे खालून ते तिरकं हाड दिसत नाही, स्टुलावर चढून धूळ पुसतो तेव्हा मला तेवढं दिसतं.