सोलापूरच्या नाताळात जिम रीव्ह्ज

नॅशव्हिल हे अमेरिकेतील कंट्री संगीताचे माहेरघर मानले जाते, आणि तरीही येथील माझ्या तरुण सहकाऱ्यांपैकी अनेकांना जिम रीव्ह्ज हे नाव ठाऊक नाही. सोलापुरात रेल्वे लाइन्सच्या आमच्या घरी मात्र त्यांच्या 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' या १९६३ सालच्या अल्बमची कॅसेट लागल्याशिवाय करंज्यांचे सारणसुद्धा परतायला घेतले जात नसे.

हाच अल्बम आमच्याकडे का रुजला, याचे कारण मला रीव्ह्ज यांच्या गाण्याच्या पद्धतीत दिसते. टेक्सासचा हा गायक आवाज चढवत नसे. मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभा राहून, खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ म्हणत असे. बाबांचे इंग्रजी मराठी शाळेतले, पण कॅसेट थांबवून थांबवून त्यांनी बाराही गाणी वहीत उतरवून घेतली होती. बर्फाची गाणी म्हणताना आमच्या अंगात दुपारी सुती सदरे असत, ही विसंगती कोणालाच खटकली नाही. आजीला पहिल्या बाजूच्या सांताक्लॉजशी आणि पोल्काच्या ठेक्याशी काही देणेघेणे नव्हते. ती अल्बमच्या शेवटच्या चार भक्तिगीतांची वाट पाही आणि ती सुरू झाली की "आता देवाची लागली" म्हणून पोळपाट बाजूला सारून बसे.

चर्चमध्ये अर्थातच मराठीचे राज्य होते. अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात काम उभे केले, तरी आमच्या उपासनेचा खरा सूर रेव्हरंड ना. वा. टिळकांचा (१८६१–१९१९). अभंग-ओवीच्या वळणाने जाणारी त्यांची गीते पेटी-ढोलकीवरच शोभतात, आणि आम्ही मुले रात्री घरोघरी गात फिरत असू तेव्हा तीच म्हणत असू. रीव्ह्ज हे घरातले आणि टिळक हे गल्लीतले, अशी वाटणी आपोआप झाली होती.

येथील शेजाऱ्यांच्या घरी नाताळ म्हणजे पियानोवादक विन्स ग्वाराल्डी यांचा १९६५ सालचा अल्बम. चार्ली ब्राउनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी केलेले हे जॅझ आहे: पियानो, बास, ड्रम्स आणि काही ठिकाणी चर्चच्या बालगायकवृंदाचे थोडे कच्चे सूर. मला ते कच्चेपण रीव्ह्ज यांच्या गुळगुळीत वाद्यमेळापेक्षाही सोलापूरच्या आमच्या कॅरल मंडळींना जवळचे वाटते; बाबांना हे सांगितलेले नाही.

त्या घरातील आजोबांना मात्र रीव्ह्ज चांगले आठवतात. ३१ जुलै १९६४ रोजी स्वतः चालवत असलेले छोटे विमान वादळात सापडून नॅशव्हिलजवळच त्यांचा मृत्यू झाला, म्हणजे हा अल्बम निघाल्यावर त्यांच्या वाट्याला एकच नाताळ आला. १९६७ साली त्यांना कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तेथील त्यांच्या नावाच्या फलकाचे छायाचित्र मी बाबांना पाठवले, तेव्हा येथील लोक त्यांना विसरू लागले आहेत यावर त्यांनी विश्वास ठेवायला साफ नकार दिला.

आता आमच्या घरी दोन्ही अल्बम लागतात. मुलगी ग्वाराल्डींच्या बाजूची आहे, आणि चकल्या तळण्याच्या दिवशी काय लावायचे यावर दरवर्षी वाद होतो.