आमची वाटचाल : तुकडा सापडला का?

स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्याची कड उडाली, दुरुस्त करून द्या म्हणून कोणाचा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुकडा सापडला का?" बहुतेक वेळा तो केरात गेलेला असतो. सापडला असेल तर निम्मं काम झालंच म्हणायचं. मूळ दगडाइतका जुळणारा रंग आम्हाला आजवर बनवता आलेला नाही.

आमची सुरुवात दुरुस्तीनं झाली नव्हती. आम्ही दोघे भाऊ ओटे बसवायचो. माप घ्यायचं, सिंकसाठी दगड कापायचा, कड घासायची, बसवून निघायचं. मागून तक्रारी यायच्या त्या सिंकच्या तोंडाच्या नाहीतर समोरच्या कडेच्या, कारण जड भांडं आपटतं ते तिथेच. काटकोनी कड हमखास उडते. गोल कड तेवढाच मार बऱ्यापैकी सोसते. पण काटकोनी दिसायला सुबक, त्यामुळे मागणी तिलाच. आम्हीच बसवलेल्या कडांचे टवके भरायला आम्हीच जाऊ लागलो आणि हळूहळू तोच धंदा झाला.

पहिली काही कामं आठवली की अजून ओशाळायला होतं. खिडकीखालच्या पांढऱ्या संगमरवराचा टवका इपॉक्सीनं, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रेझिननं, भरला. त्या दिवशी जागा शोधून सापडत नव्हती, काही महिन्यांनी तिथे पिवळा डाग उमटला. उन्हानं इपॉक्सी पिवळं पडतं, हे आम्ही दुसऱ्याच्या ओट्यावर शिकलो. पांढऱ्यासाठी आता अतिनील दिव्याच्या प्रकाशात घट्ट होणारं पारदर्शक रेझिन वापरतो, खोल टवका असेल तर थराथरानं. काळ्या ग्रॅनाइटनंही असंच शिकवलं. भरण्याआधी ॲसिटोननं पुसलं तर फडकं काळं आणि दगड करडा! काही काळे दगड रंगवलेले असतात. ती पट्टी पदरचे पैसे घालून बदलून दिली. तेव्हापासून आधी सिंकखालच्या, नजरेआडच्या जागी पुसून बघतो.

खरी कसोटी रंगाची. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक असे वेगवेगळे कण असतात. एकाच रंगाचा मसाला भरला की तो लांबी (पुट्टी) लावल्यासारखा मठ्ठ दिसतो. म्हणून त्याच दगडाची पूड आणि बारीक कण रेझिनमध्ये मिसळतो, रंग अगदी चिमूटभर. कोरड्या टवक्याकडे बघून रंग ठरवला तर फसगत होते. आधी ओला करायचा, पॉलिशनंतरचा रंग साधारण तसा गडद येतो. आणि दिव्याखाली जुळलेला रंग दिवसाच्या उजेडातही बघायचा.

रेझिन भरताना थोडं वर ठेवतो, घट्ट झाल्यावर ब्लेडनं तासतो, मग पॉलिशचं पॅड फिरवतो. इथे हात आवरावा लागतो. कठीणपणा मोजायच्या मोह्स (Mohs) मापावर ग्रॅनाइट 6 ते 7, रेझिन त्याहून बरंच मऊ. पॅड जास्त फिरवलं की दगड तसाच राहतो आणि भरलेल्या जागी खळगा पडतो. नव्या मुलांना हे हजारदा सांगावं लागतं.

कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे आले तशी आमची पद्धत बदलली. त्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झ, बाकी रेझिन. पॅड तापलं तर डाग पडतो आणि कारखान्यातली झळाळी हातानं परत येत नाही. ते आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. त्याहून मोठी भीती धुळीची. कोरडं घासल्यावर उडणाऱ्या सिलिकाच्या, म्हणजे क्वार्ट्झच्याच, बारीक धुळीनं फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदी घातली ती याच कारणानं. सुरुवातीला आम्हीही रुमाल बांधून कोरडंच घासायचो, अगदी बेफिकीर. आता पाणी सोडल्याशिवाय ग्राइंडर चालू होत नाही आणि मास्कवर कोणाचीच कुरकुर ऐकत नाही.

चिरेचं काम मात्र सहसा घेत नाही. आरपार चीर म्हणजे खालचा आधार कुठेतरी पोकळ. तो नीट न करता वरून भरलं तर ती पुन्हा उघडते आणि नाव आमचं खराब होतं.

नवे ओटे अजूनही बसवतो. सिंकसाठी कापलेला तुकडा पूर्वी फेकून द्यायचो. आता त्याच्यामागे दगडाचं नाव लिहून तो सिंकखाली ठेवून येतो. बरेच जण आवराआवरीत तोही टाकून देतात.