गिअर टाकला की ‘टक्’: पिकअपचा क्रॉस बदलला तो अनुभव

बेळगावहून भाजी भरायची, चोर्ला घाटाने उतरायचं आणि साखळी-वाळपईच्या दुकानांत माल टाकायचा, हे माझं रोजचं काम. यंदा पाऊस सुरू झाला आणि गाडी दोन आवाज करू लागली. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की खालून ‘टक्’. आणि हळू चालवताना बारीक चीं चीं, वेग वाढला की तीही जलद.

एकाने डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला दातेरी चाकांचा डबा) उघडायला सांगितलं, दुसऱ्याने गिअरबॉक्सवर संशय घेतला. दोन्ही कामं खर्चाची, आणि सांगणाऱ्यांपैकी गाडीखाली कोणीच गेलं नव्हतं. सपाट रस्त्यावर मी चालत्या गाडीत क्लच दाबून बघितला. इंजिन मंदावलं तरी चीं चीं होती तशीच, म्हणजे ती चाकांबरोबर फिरणाऱ्या भागातून येत होती.

साखळीचे आमचे मेस्त्री म्हणाले, “आधी हात लावून बघूया, मग काय खोलायचं ते ठरवू.” गाडी सपाटीवर घेतली, चाकांना पुढून-मागून ओंडके लावले, गिअर न्यूट्रल केला. एका हातात प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा), दुसऱ्या हातात योक (जॉइंट धरणारा दोन कानांचा तुकडा) धरून त्यांनी दोन्ही उलट दिशांना पिळले. शाफ्टच्या जॉइंटमध्ये क्रॉस असतो: अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, त्याच्या चार दांड्यांवर चार कप आणि कपांत सुयांसारखे बारीक रोलर. पुढचा जॉइंट घट्ट होता. मागच्यात, डिफरन्शियलजवळ, योक जागेवर आणि शाफ्ट मात्र हलतोय हे डोळ्यांना दिसलं. हा फरक प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवा. डिफरन्शियलच्या दातांत थोडी मोकळीक असतेच, पण तेव्हा शाफ्ट आणि योक दोन्ही एकत्र हलतात.

क्रॉसच्या कपाजवळ तांबूस पूड होती. इथे सत्तरी तालुक्यात लाल चिखल सगळीकडेच, त्यामुळे मला ती माती वाटली. मेस्त्रींनी फडक्याने जागा स्वच्छ पुसली आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर एक फेरी मारायला लावली. परत आलो तर सीलच्या कडेतून तशीच पूड पुन्हा निघालेली. आत पाणी जाऊन ग्रीस संपलं होतं आणि सुया गंजून झिजत होत्या.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीवर, आणि स्लिप जॉइंटवर, म्हणजे शाफ्ट लांब-आखूड होतो त्या दातेरी सांध्यावर, पंचाने खुणा केल्या. क्रॉसचा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा वेग सारखा राहत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हा चढउतार भरून काढतो, पण योक एका रेषेत असले तरच. स्लिप जॉइंट भलत्या दातावर बसला तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. आणखी एक: मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवूनही ती अडत नाही. ओंडके हवेतच.

कप अडवून ठेवणाऱ्या सर्कलिप (स्प्रिंगच्या गोल कड्या) गंजल्या होत्या, तेल मारून थांबावं लागलं. मग व्हाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा, असा दाब देऊन कप काढले. एका कपातल्या सुयांचा भुगा झाला होता. क्रॉसच्या त्या दांड्यावर सुयांच्या रेघा उमटल्या होत्या, नख अडकेल इतक्या खोल. असा दांडा पुन्हा ग्रीस भरून चालत नाही.

नवा क्रॉस बसवताना एक सुई आडवी होऊन कपाच्या तळाशी पडली. कप पुरता आत जाईना, सर्कलिप खाचेत बसेना. अशा वेळी हातोडा मारून बसवणारे बरेच असतात. मेस्त्रींनी कप काढला, ग्रीसमध्ये सुया पुन्हा उभ्या लावल्या आणि मगच दाबला. नंतर क्रॉस एका बाजूला जड फिरत होता, योकच्या कानावर हलके ठोके दिल्यावर सुटला. ग्रीस गन लावून चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत भरलं, खुणा जुळवल्या, बोल्ट आवळले.

‘टक्’ गेलं, चीं चीं गेली. भरलेली गाडी घाटातून उतरवल्यावर बोल्ट परत तपासून घेतले. पावसाळ्यात आता दर महिन्याला ग्रीस मारून घेतो. शाफ्ट खाली असताना मधल्या सेंटर बेअरिंगच्या रबराला बारीक चिरा पडलेल्या दिसल्या. बेअरिंग अजून आवाज करत नाही, पण चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी तेही बदलणार आहे, कारण त्या दिवसांत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान आणि भाजी, दोन्हींच्या फेऱ्या असतात आणि गाडी उभी ठेवता येत नाही.